बसतंय म्हणजे जुळतंय असं नाही: ई-सायकलचे ब्रेक बदलताना

सेलमध्ये मागवलेलं खोकं भाच्यानं आमच्या ओसरीवर उघडलं. चार पिस्टनचे दोन ब्रेक, 203 मिलिमीटरच्या दोन चकचकीत डिस्क प्लेटा, मेटलचे पॅड आणि फुकट आलेले निळे बोल्ट. "मामा, दोन तासांचं काम हाय. संध्याकाळी म्हैसमाळचा घाट उतरून येऊ," म्हणाला. संध्याकाळपर्यंत कळलं ते एवढंच, की निळे बोल्ट सोडले तर खोक्यातला एकही भाग त्याच्या सायकलला जसाच्या तसा चालणार नव्हता.

पोरगं अडाणी नाही, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला आहे. प्रत्येक भागावर "ई-बाईकसाठी" असं लिहिलेलं होतं आणि प्रत्येक भाग त्या कामाचा होताही. पण एकमेकांच्या कामाचा नव्हता. शहागंजातले आमचे सायकलवाले चाचा प्लेट हातात फिरवत म्हणाले, "भाऊ, बसतंय म्हणजे जुळतंय असं नसतंय." हा लेख त्या एका वाक्याचाच विस्तार आहे. संभाजीनगरात, लातूरला, नांदेडला आता जाड टायरच्या, पुढे शॉकअप असलेल्या ई-सायकली बऱ्याच दिसायला लागल्यात. वर्षभरात त्यांचे ब्रेक चरचरायला लागतात, मग मालक मोबाईलवर सेल शोधतो. खोकं मागवायच्या आधी हे वाचलेलं बरं.

आधी ब्रेक करतो काय

दोन सिरिंज घ्या, एक बारीक आणि एक जाड. दोन्हींत पाणी भरून त्या नळीने जोडा. बारकीचा दट्ट्या दाबला की जाडीचा दट्ट्या थोडासाच सरकतो, पण जोरात सरकतो. हायड्रॉलिक ब्रेक म्हणजे हेच. हँडलवरचा लिव्हर ही बारकी सिरिंज, चाकाजवळचा कॅलिपर ही जाडी. पाण्याच्या जागी ब्रेक ऑइल. कॅलिपरमधले पिस्टन दोन बाजूंनी पॅड दाबतात आणि मध्ये चाकासोबत फिरणारी डिस्क प्लेट चिमटीत धरतात. प्लेटला कंपन्या रोटर म्हणतात. आपण गॅरेजच्या भाषेत प्लेटच म्हणू.

ब्रेक वेग गिळून टाकत नाही, वेगाची उष्णता करतो. आणि उष्णतेचा हिशेब मांडला की ई-सायकलचं दुखणं लगेच दिसतं.

समजा माणूस, सायकल आणि पिशवी मिळून 105 किलो. ताशी 25 किलोमीटरवरून थांबायचं तर ब्रेकला साधारण 2,500 ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. ताशी 40 वरून थांबायचं तर 6,500. वेग दीडपटीच्या थोडा वर, ऊर्जा अडीचपट. हे झालं थांबण्याचं. आता 200 मीटर उंचीचा उतार ब्रेक धरून उतरा. दोन लाखांहून जास्त ज्यूल होतात, म्हणजे 25 च्या वेगातून 80 वेळा थांबण्याइतके. एवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी 25 अंशांवरून 70 च्या वर जातं. थोडा वाटा वारा आणि टायर घेतात, पण हळू उतरलात तर बहुतेक सगळा ब्रेकवर येतो. आणि तो पचवायला असतं काय? दोन्ही प्लेटा मिळून पाव किलोच्या आसपास लोखंड.

म्हणून ब्रेकची परीक्षा सिग्नलला होत नाही, घाटात होते. ज्याची ई-सायकल क्रांती चौक ते सिडको एवढीच फिरते त्यानं पुढचं सगळं वाचलंच पाहिजे असं नाही. नवे पॅड टाका आणि मोकळे व्हा.

"पण मोटर तर 25 ला बंद होते ना?"

होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर 250 वॅटपेक्षा कमी असेल, पॅडलला मिळणारी मदत ताशी 25 किलोमीटरला थांबत असेल आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत असेल, तर ती सायकल मोटार वाहन धरली जात नाही. पासिंग नको, लायसन्स नको. त्याच नियमात "योग्य ब्रेक" असावेत असंही म्हटलंय, पण योग्य म्हणजे केवढे हे तुम्ही आणि घाट मिळून ठरवायचं.

उताराला मोटरची गरजच नसते. दौलताबादच्या घाटात किंवा कन्नडच्या औट्रम घाटात पॅडल न मारता सायकल 40 च्या वर पळते आणि तिथं 24 किलोची सायकल 14 किलोच्या सायकलसारखीच पळते, फक्त थांबायला जड. लोक म्हणतात वजन वाढलं म्हणून ब्रेक मोठा हवा. खरं आहे, पण अर्धंच. माणसासकट वजन मोजलं तर फरक दहा-बारा टक्क्यांचा. खरा फरक वेगळाच: मोटर नसताना आपण म्हैसमाळ महिन्यातून एकदा धापा टाकत चढायचो आणि एकदाच उतरायचो. मोटर आल्यापासून भाचा एका सकाळी दोनदा चढतो. चढणं सोपं झालं म्हणून उतरणं वाढलं आणि सगळा भार तिथं पडतो.

उन्हाचंही सांगून टाकतो, कारण प्रत्येक जण विचारतो. मे महिन्यातल्या 43 अंशांनी ब्रेक फेल होत नाही. घाटात प्लेट दोनशे अंशांच्या पलीकडे सहज जाते. तिला बाहेर 25 आहे की 43, याचं फार कौतुक नसतं.

तेल: इथं चूक झाली तर पैसे बुडालेच

भाच्याच्या सायकलचे जुने ब्रेक मिनरल ऑइलचे होते, नवे आले ते डॉटचे. "तेलच ना मामा, बाटली घेऊ दुसरी."

सायकलच्या ब्रेकमध्ये दोन जातींची तेलं असतात. मिनरल ऑइल हे पेट्रोलियम घराण्यातलं. शिमानो, टेक्ट्रो, मॅगुरा हे वापरतात. दुसरं डॉट, म्हणजे मोटारसायकल-कारच्या ब्रेकमध्ये पडतं ते ग्लायकॉल घराण्यातलं तेल. स्रॅमचे बरेचसे ब्रेक आणि होपचे ब्रेक यावर चालतात. त्यातही मेख अशी, की स्रॅमनेच अलीकडे डीबी-8 आणि मेव्हन हे ब्रेक मिनरल ऑइलवर आणले. म्हणजे कंपनीच्या नावावर जाऊ नका. लिव्हरच्या टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा.

या दोन तेलांचं आपसात जमत नाही, पण खरं वैर रबराशी आहे. आतली सीलं ज्या तेलासाठी घडवली तेच त्यांना मानवतं. डॉटच्या ब्रेकमधलं रबर मिनरल ऑइल पिऊन फुगतं. मिनरलच्या ब्रेकमधलं रबर डॉटमध्ये बिघडतं. दुधात ताकाचा थेंब पडला तर दूध लगेच नासत नाही, सकाळी कळतं. हेही तसंच. माझ्या जुन्या साध्या सायकलीत एका गॅरेजवाल्यानं मोटारसायकलचं उरलेलं तेल भरलं होतं. "तेल कमी होतं, टाकून दिलं" असं कौतुकानं सांगितलंही. त्या दिवशी ब्रेक झकास लागला. तीन आठवड्यांनी लिव्हर दाबला तो दाबलेलाच राहिला, परत येईना. उघडून पाहिलं तर सील भिजलेल्या हरभऱ्यासारखं टम्म. लिव्हर आणि कॅलिपर दोन्ही टाकून द्यावे लागले, कारण धुऊन ते तेल सगळं निघत नाही.

मग यातलं चांगलं कुठलं? दोन्ही चांगली, स्वभाव वेगळे. डॉट हवेतली ओल शोषतं, पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं तसं. नवं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेलं 155 पर्यंत खाली येऊ शकतं. डॉट 5.1 साठी हेच आकडे 260 आणि 180. (डॉट 5 ही निराळीच, सिलिकॉनची वस्तू आहे. आकडा जवळचा दिसतो म्हणून ती घेऊ नका.) तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. तेल दबत नाही पण वाफ दबते, म्हणून लिव्हर थेट हँडलला टेकतो आणि सायकल चालतच राहते. त्यामुळे डॉट वर्षा-दोन वर्षांनी बदलावंच लागतं. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, पण आत गेलेलं पाणी तळाशी, म्हणजे नेमकं कॅलिपरमध्ये जाऊन बसतं आणि 100 अंशांनाच उकळतं. पावसात झाकण उघडं ठेवून तेल भरू नका, एवढाच त्याचा अर्थ.

जुना लिव्हर ठेवून नवा कॅलिपर लावायचा विचार असेल तर तेलाची जात एकच हवी. ही पहिली चाळणी. हिच्यात अडकलं की पुढचं बघायचं कारणच नाही.

लिव्हरमधली ती बारकी वायर

ही गोष्ट साध्या सायकलवाल्यांना माहीत नसते, म्हणून इथं सगळ्यांत जास्त लोक फसतात. आपल्याकडच्या हब मोटरच्या, म्हणजे चाकाच्या मध्यातच मोटर असलेल्या ई-सायकलींच्या ब्रेक लिव्हरमधून एक वायर निघते. लिव्हर किंचित दाबला की ती कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या डब्याला सांगते, मोटर बंद कर. याला कट-ऑफ म्हणतात.

या सायकलींत बहुतेक वेळा पॅडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा सेन्सर असतो. पॅडल थांबल्यावरही मोटर क्षणभर ओढत राहते. घरात शिरताना, गर्दीत, वळणावर तो क्षण फार मोठा वाटतो. ब्रेक मागे ओढतोय आणि मोटर पुढे, असं व्हायला नको म्हणून ही वायर.

नवे भारी ब्रेक साध्या सायकलीसाठीचे असले तर त्यात वायर नसते. भाच्याच्या खोक्यातल्यात नव्हतीच. आणि वायर असली तरी संपलं नाही. काहींत दोन तारांचा साधा स्विच असतो, काहींत तीन तारांचा चुंबकावर चालणारा सेन्सर. काही कंट्रोलरना दाबल्यावर जोडणी व्हायला हवी असते, काहींना तुटायला. उलटं पडलं तर मोटर सुरूच होत नाही किंवा ब्रेक दाबला तरी बंदच होत नाही. प्लगची पिन आणि रंगही जुळावे लागतात. बाफांग कंपनीच्या मोटरांवर ब्रेकचा आणि डिस्प्लेचा प्लग वेगवेगळ्या रंगाचा असतो. पण प्लग आत गेला म्हणजे आतल्या तारा जुळल्या असं नाही. तिथंही चाचांचंच वाक्य.

उपाय आहेत. जुना लिव्हर ठेवून फक्त कॅलिपर बदलायचा, किंवा नव्या लिव्हरला बाहेरून चिकटवायचा चुंबकी सेन्सर लावायचा. दुसरा उपाय चिखलात आणि कडक उन्हात किती दिवस चिकटून राहील, याबद्दल मला शंका आहे. काहीही केलं तरी मागचं चाक उचलून धरा, मोटर फिरवा आणि लिव्हर दाबून ती बंद होते का ते दोन्ही लिव्हरनी बघा.

पॅडलपाशी मोटर असलेल्या, पायाचा जोर मोजणाऱ्या महाग सायकलींत, म्हणजे बॉश किंवा शिमानोच्या मोटरांत, लिव्हरला अशी वायर सहसा नसते. पाय थांबला की मोटर थांबते. पण त्यांची दुसरी खोड आहे. काहींत वेग मोजायचं चुंबक मागच्या प्लेटवरच बसवलेलं असतं. ती प्लेट काढून साधी लावली की डिस्प्लेवर एरर येतो आणि मोटर मदत करायचं सोडते. मग लोक बॅटरी बदलतात, चार्जर बदलतात. दोष प्लेटचा असतो.

प्लेट: मध्यभाग, जाडी, व्यास

प्लेट चाकाच्या हबवर दोन तऱ्हांनी बसते. एकीत सहा बोल्ट असतात, टॉर्क्स 25 च्या पान्याचे. दुसरीला सेंटर लॉक म्हणतात: दातेरी मध्यभाग आणि वरून एकच मोठी रिंग. सेंटर लॉकच्या हबवर सहा बोल्टांची प्लेट ॲडॅप्टरने बसवता येते. उलटं जमत नाही. भाच्याच्या हबला सहा भोकं, आलेल्या प्लेटा सेंटर लॉकच्या. विषय संपला.

जाडीकडे कुणी बघत नाही. मी टूल रूममध्ये आयुष्य काढलेला माणूस, मला तिथंच आधी बघायची सवय. सायकलच्या साध्या प्लेटा नव्या असताना 1.8 मिलिमीटर असतात. शिमानो म्हणते 1.5 झाली की बदला. स्रॅमची एक जात 2.0 ची आहे, आणि टेक्ट्रोच्या जड ई-बाईकसाठीच्या काही ब्रेकना 2.3 ची लागते. 2.3 ची प्लेट 1.8 साठीच्या कॅलिपरमध्ये रेटून घातली तर पॅड घासत राहतात. 1.8 ची प्लेट 2.3 च्या ब्रेकमध्ये घातली तर लिव्हर खोल जातो, पिस्टन जास्त बाहेर येतात. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण ब्रेक सोडल्यावर पॅड आणि प्लेट यांच्यात राहणारी फट त्याहून कितीतरी बारीक असते.

मोजताना एक काळजी घ्या. व्हर्नियरचे जबडे आडवे धरले तर ते प्लेटच्या न झिजलेल्या काठावर टेकतात आणि नवीच प्लेट असल्याचा आकडा देतात. जबड्याची टोकं पॅड घासतो त्या पट्ट्यातच टेकली पाहिजेत. भाच्याच्या जुन्या पुढच्या प्लेटवर मला आधी 1.76 आला, नीट धरल्यावर 1.48. दीड वर्षात, तीही फक्त म्हैसमाळच्या नादाने.

व्यासाचं गणित सोपं. घट्ट झालेली विहिरीवरची कप्पी मध्याजवळ धरून फिरवा आणि काठाला धरून फिरवा. काठाला कमी जोर लागतो. 180 वरून 203 ची प्लेट लावली की त्याच बोटांच्या जोरात सुमारे 13 टक्के जास्त ब्रेक मिळतो. शिवाय लोखंड जास्त, म्हणजे उष्णता मुरायला जागा जास्त. लहान तवा लगेच करपतो, मोठा धीर धरतो.

मग सरळ 203 च का नको? कारण तो वाढीव जोर शेवटी फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या पायावर येतो. प्रत्येक फोर्क आणि फ्रेम बनवणारा जास्तीत जास्त प्लेट किती ते लिहून देतो. भाच्याच्या फोर्कची मर्यादा 180 निघाली. 203 बसवता आली असती का? आली असती. पण पुढचा ब्रेक दाबताना फोर्कच्या खालच्या नळीला पीळ बसतो आणि ती नळी तुटली तर सायकल पुढच्या चाकाविना उरते. तिथं मी कुणाचं ऐकत नाही.

कॅलिपर किती वर उचलायचा

प्लेट 23 मिलिमीटरने मोठी झाली की कॅलिपर मध्यापासून 11.5 मिलिमीटर लांब न्यावा लागतो. त्यासाठी ॲडॅप्टर नावाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा येतो. ॲडॅप्टर घेताना तीन गोष्टी सांगाव्या लागतात: फ्रेमवर कॅलिपर बसवायचे कान कुठल्या तऱ्हेचे आहेत, आता प्लेट कितीची, नवी कितीची. कानांच्या दोन तऱ्हा जास्त दिसतात. एकीत बोल्ट पुढून सरळ जातात आणि त्यांच्यात 74 मिलिमीटरचं अंतर असतं, तिला पोस्ट माउंट म्हणतात. दुसरीत आडवे जातात, अंतर 51. पट्टीने मोजा, दुकानदाराच्या अंदाजावर राहू नका.

200 आणि 203 या दोन मापांनी जेवढा घोळ घातलाय तेवढा कशानेच नाही. बघायला सारख्याच. पण त्रिज्येत दीड मिलिमीटरचा फरक आणि तो पॅडला कळतो. 203 च्या ॲडॅप्टरवर 200 ची प्लेट लावली तर पॅडची वरची कड प्लेटच्या बाहेर लोंबते. तेवढी कड झिजत नाही. पॅड झिजत जातो तसा तिथं ओठासारखा उंचवटा तयार होतो. एके दिवशी दोन्ही पॅडचे ओठ प्लेटच्या वरून एकमेकांना भिडतात. तुम्ही लिव्हर दाबता, पॅड पॅडला दाबतो आणि प्लेट मधून आरामात फिरते. पॅड काढून नखाने कड चाचपून बघा, हा ओठ बोटाला लगेच लागतो.

मागच्या चाकात हब मोटर असेल तर आणखी एक अडचण. मोटरचं पोट पुढे आलेलं असतं आणि चार पिस्टनचा कॅलिपर रुंद असतो. दोघांची भेट होते का, ते चाक हाताने फिरवून बघितल्याशिवाय कळत नाही.

"चार पिस्टन म्हणजे दुप्पट ब्रेक ना?"

नाही. ही जाहिरातीने डोक्यात भरवलेली गोष्ट आहे. तेलाचा दाब सगळीकडे सारखा असतो, जोर ठरतो पिस्टनच्या एकूण क्षेत्रफळावर. समजा दोन पिस्टनच्या ब्रेकमध्ये प्रत्येक बाजूला 22 मिलिमीटरचा एक पिस्टन आहे. त्याच्या जागी 16 चे दोन आले तर क्षेत्रफळ फक्त सहा टक्क्यांनी वाढतं. 18 चे दोन आले तर तिसऱ्या हिश्शाने वाढतं. म्हणजे पिस्टन किती हे विचारू नका, केवढे ते विचारा. चार पिस्टनचा खरा फायदा लांब पॅड हा आहे. पॅडमध्ये माल जास्त, तो उशिरा तापतो आणि जोर कमी-जास्त करणं बोटाच्या ताब्यात राहतं.

सिरिंजवर परत या. जाडी सिरिंज आणखी जाड केली आणि बारकी तीच ठेवली, तर जोर वाढतो पण दट्ट्या जास्त दाबावा लागतो. म्हणून एका कंपनीचा लिव्हर आणि दुसरीचा कॅलिपर, तेल एकच असलं तरी, जुळेलच असं नाही. लिव्हर हँडलपर्यंत येतो किंवा दगडासारखा कडक होतो. पाईप आणि त्याच्या टोकाला बसणारी पितळी रिंगही कंपनीगणिक वेगळी. एकाच कंपनीत मात्र बऱ्याचदा दोन पिस्टनच्या लिव्हरला चार पिस्टनचा कॅलिपर चालतो. कंपन्या कुठला लिव्हर कुठल्या कॅलिपरला चालतो याचे तक्ते देतात. दुकानदाराच्या "चालतंय की" पेक्षा तो तक्ता बघा.

बाहेरून आलेल्या संचात हेही पाहा, की पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे. आपल्याकडे मोटारसायकलीसारखा उजव्या हाताला. अमेरिकेच्या बाजारासाठी भरलेले संच डाव्या हाताला असतात. अदलाबदल करायची तर पाईप सोडवा, पुन्हा जोडा, तेल भरा आणि एअर काढा. तिथं दोन तास जातात.

पॅड: सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत दुर्लक्षित

पॅडचा आकार कॅलिपरप्रमाणे ठरतो, त्यात तडजोड नाही. जुना पॅड खिशात घालून दुकानात जा. माल मात्र निवडता येतो. रेझिन पॅड मऊ, शांत, पहिल्या दाबाला पकडणारे, पण लांब उतारावर थकणारे आणि लवकर झिजणारे. मेटल पॅड कडक, आवाज करणारे, थंड असताना थोडे आळशी, पण तापले तरी टिकणारे. आपल्या काळ्या मातीचा ओला चिखल रेझिन पॅडला सँडपेपरसारखा खातो. पावसाळ्यात रानातून फिरणाऱ्याने मेटल घ्यावेत. शहरात फिरणाऱ्याने रेझिनच ठेवावेत, शेजाऱ्यांवर उपकार होतील.

इथं शेवटचा सापळा. स्वस्त प्लेटांवर बारीक अक्षरात इंग्रजीत "रेझिन पॅड ओन्ली" असं कोरलेलं असतं. त्यांचं लोखंड मऊ असतं, मेटल पॅड त्यांना खाऊन टाकतो. भाच्याच्या जुन्या प्लेटवर ते लिहिलेलं होतं. दीड वर्ष समोर होतं, पण वाचणार कोण?

"मग मोटारसायकलचाच ब्रेक का नको?"

हा प्रश्न वाळूजच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर येतो, कारण तिथं दुचाकीचे सुटे भाग हाताळणारी माणसं बसतात. मोटारसायकलची प्लेट दुप्पट जाड, कॅलिपर जड, आणि मुख्य म्हणजे तो जोर सायकलच्या आऱ्या आणि फोर्क यांच्या ऐपतीबाहेरचा. दोरीच्या खाटेवर तिजोरी ठेवल्यासारखं होईल. केबलवर चालणारा डिस्क ब्रेक मात्र मी नाकारत नाही. तेल नाही, एअर नाही, खेड्यातल्या कुठल्याही दुकानात केबल मिळते. पॅड झिजला की हाताने आवळावा लागतो आणि लांब उतारावर बोटं दुखतात, एवढंच.

शेवटी आम्ही काय केलं

प्लेटा आणि ब्रेक परत पाठवले. लिव्हर जुनेच ठेवले, कट-ऑफच्या वायरीसकट. पुढच्या चाकाला 180 चीच, सहा बोल्टांची, मेटल पॅड चालणारी प्लेट घेतली. पुढचाच कॅलिपर चार पिस्टनचा केला, त्याच कंपनीचा, तक्त्यात बघून, मिनरल ऑइलचा. मागे फक्त नवे रेझिन पॅड. जोराने ब्रेक मारताना सगळं वजन पुढे येतं, त्यामुळे खर्च पुढच्या चाकावरच करायचा. पुढचा ब्रेक दाबला की माणूस पालथा पडतो ही भीती एकदम आवळणाऱ्यांसाठी खरी आहे. हळूहळू वाढवत दाबणाऱ्यांसाठी नाही.

नवे पॅड आणि प्लेट लावल्यावर पहिल्या दिवशी ब्रेक लागत नाही, म्हणून भाच्याचं तोंड पडलं. पॅडच्या मालाचा पातळ थर प्लेटवर बसावा लागतो, तेव्हा पकड येते. मोकळ्या रस्त्यावर 20-25 च्या वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत, पूर्ण न थांबता आणि चाक न अडवता, वीसेक वेळा ब्रेक मारायचा. तेराव्या-चौदाव्या वेळी आवाज बदलतो. खरखर जाऊन एक घट्ट, दबका आवाज येतो. त्याआधी प्लेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या आणि मग बोट लावू नका. साखळीवर तेल मारताना मागच्या प्लेटवर फडकं टाका. तेलाचा एक थेंब पॅडमध्ये मुरला की तो पॅड गेलाच समजा.

रविवारी गिरिजामातेच्या देवळापासून खाली खुलताबादपर्यंत उतरलो. मी साध्या सायकलीवर, तो पुढे. खाली पोचल्यावर त्यानं बाटलीतलं चमचाभर पाणी पुढच्या प्लेटवर टाकलं. चर्र झालं आणि पाणी उडून गेलं, पण लिव्हर जिथं होता तिथंच घट्ट होता. निळे बोल्ट अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. लांबी मोजली, तीसुद्धा दोन मिलिमीटरने जास्त निघाली.